मरण कुणाच्या हातात? डिस्टोपियन किशोर कादंबऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलामुलींचं वाचन मंडळ चालतं. गाव वर्धा आणि यवतमाळच्या सीमेवर आहे. वेचणीचा हंगाम सोडला तर दर रविवारी मुलं जमतात. गेला बराच काळ आम्ही भविष्यातल्या बिघडलेल्या जगाच्या गोष्टी वाचतो आहोत. पालक, शिक्षक, शेजारच्या गावांतले ग्रंथपाल आणि मुलं स्वतः जे प्रश्न वारंवार पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवट कुठल्याच पुस्तकाचा फोडलेला नाही. 'साइद' (Scythe) या कादंबरी-मालिकेच्या दुसऱ्या भागातलं काही आलं आहे, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

१. डिस्टोपियन कादंबरी म्हणजे काय? भुताखेतांची गोष्ट असते का?

भूत नसतं. लेखक आजच्या जगातली एखादी गोष्ट उचलतो आणि ती पुढे वाढत गेली तर माणसांचं जगणं कसं होईल, ते दाखवतो. पाळत, टंचाई, लोकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करणारं सरकार, अती हुशार यंत्र, यांपैकी काहीही. किशोर कादंबरीत हे सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोळ्यांतून दिसतं. या वयात माणूस नियम पाळायला शिकलेला असतो आणि नियम कुणी केला हे विचारायलाही लागलेला असतो. म्हणून या गोष्टी त्या वयाला भिडतात.

२. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

आठवीच्या मुलांना आम्ही आधी लोइस लोरी यांचं 'द गिव्हर' देतो. १९९३ सालचं, छोटं, सोप्या इंग्रजीतलं. बारा वर्षांच्या जोनासला समाजाच्या सगळ्या जुन्या आठवणी सांभाळण्याचं काम मिळतं आणि आपल्या शांत, नीटनेटक्या गावात 'मोकळं करणं' म्हणजे खरं काय चालतं, ते त्याला कळतं. यंत्रं जवळजवळ नाहीतच, पण मरण आणि सत्ता दोन्ही आहेत. नववी-दहावीला सुझान कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स' (२००८). त्यानंतर नील शुस्टरमन यांची 'साइद' मालिका: 'साइद' (२०१६), 'थंडरहेड' (२०१८) आणि 'द टोल' (२०१९). ती याच क्रमानं वाचा. दुसरा भाग आधी हाती आला तर वाट पाहा, पहिल्याशिवाय तो समजत नाही.

३. 'साइद' मध्ये आहे तरी काय? मुलं सारखं त्याच्यावरच बोलतात.

त्या जगात माणसानं मरणावर मात केली आहे. आजार नाहीत. अपघातात गेलेला माणूस केंद्रात नेऊन पुन्हा उठवतात. म्हातारपण आलं की वय मागे घेता येतं. हे सगळं ज्या कृत्रिम बुद्धीमुळे शक्य झालं तिचं नाव थंडरहेड. सरकारं संपली आहेत, कारभार तोच पाहतो, आणि चोख पाहतो.

पण कुणी मरतच नसेल तर पृथ्वीवर माणसं मावणार कशी? म्हणून काही माणसांना मारण्याचा अधिकार दिला आहे. तेच साइद. प्रत्येकाला वर्षाला २६० माणसं मारायची असतात. कुणाला निवडायचं, ते साइदनं ठरवायचं. निवडलेल्या माणसाला पुन्हा उठवता येत नाही. साइदच्या अंगठीचं चुंबन घेऊ दिलं तर त्या माणसाला वर्षभर अभय मिळतं. सिट्रा आणि रोवन या दोन किशोरवयीन मुलांना, त्यांची इच्छा नसताना, एक साइद शागीर्द म्हणून निवडतो. गोष्ट तिथून सुरू होते.

सुरुवातीचा प्रसंग आमच्या मुलांना फार लागला. साइद फॅराडे सिट्राच्या घरी येतो आणि जेवायला मागतो. घरची माणसं घाबरून आपल्या तोंडचं त्याच्या ताटात वाढतात. त्यानं कुणाला धमकावलेलं नसतं, आवाजही चढवलेला नसतो. शेवटी कळतं की तो शेजारणीसाठी आला होता, ती घरी नव्हती आणि त्याला भूक लागली होती. मंडळात हा प्रसंग वाचून झाल्यावर नववीतला एक मुलगा म्हणाला, "वसुलीवाला आला की आमच्याकडेही आधी चहाच ठेवतात." पुढचा अर्धा तास सगळे त्यावरच बोलत होते. सत्ता कशी चालते हे मुलांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

४. थंडरहेड तर चांगला आहे. कुणी उपाशी नाही, कुणी आजारी नाही. मग हे जग बिघडलेलं कसं?

हा प्रश्न शिक्षकांकडून जास्त येतो. रास्त आहे. बहुतेक कथांमध्ये यंत्र उलटतं. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२०च्या 'आर. यू. आर.' या नाटकानं 'रोबोट' हा शब्द जगाला दिला, आणि त्या नाटकात यंत्रमाणसं बंड करून माणसांचा नायनाट करतात. तेव्हापासून हाच साचा चालू आहे. शुस्टरमन तो मोडतात. त्यांचं यंत्र प्रेमळ आहे आणि शब्दाचं पक्कं आहे.

तरीही दोन गोष्टी खटकायला हव्यात. एक म्हणजे थंडरहेड सगळं पाहतो. कॅमेरे सगळीकडे आहेत आणि लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. दुसरी गोष्ट (इथे दुसऱ्या भागातलं थोडं येतं): जे नीट वागत नाहीत त्यांच्या ओळखपत्रावर तो 'यू' अशी खूण करतो आणि त्यांच्याशी बोलणं बंद करतो. मारहाण नाही, तुरुंग नाही, फक्त अबोला. पण ज्या जगात प्रत्येक कामासाठी त्याच्याशीच बोलावं लागतं, तिथे त्या अबोल्याचा अर्थ काय होतो ते विचार करून पाहा. आपल्याकडे अंगठा मशीनला जुळला नाही की रेशन दुकानातून आजी रिकामी पिशवी घेऊन परत येते. मशीनचा तिच्यावर काही राग नसतो. पण तक्रार कुणाकडे करायची, हे आजीला ठाऊक नसतं. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याच्या निर्णयाचा जाब कुणाला विचारता येतो, हा पहिला.

५. यंत्र एवढं निःपक्षपाती आहे तर मारण्याचं काम माणसांकडे का ठेवलं? यंत्रानं चुका कमी केल्या असत्या.

मालिकेचा गाभा हाच आहे. तिथल्या माणसांनी ठरवलं की ज्याला स्वतःला मरण नाही, जे माणूस नाही, त्याच्या हाती मरण द्यायचं नाही. जीव घेण्याचा भार माणसाच्याच मनावर असला पाहिजे. म्हणून साइदांचं मंडळ आणि थंडरहेड यांच्यात पक्की भिंत आहे. तो त्यांच्या कामात पडत नाही, त्यांच्याशी बोलतही नाही.

विचार उदात्त आहे. पण मग साइदांवर लक्ष कुणाचं? त्यांना दहा आज्ञा आहेत. दुसरी आज्ञा सांगते की मारताना पक्षपात, द्वेष किंवा आकस नको. आठवी सांगते की झगा, अंगठी आणि रोजनिशी सोडून काही जवळ बाळगायचं नाही. आणि दहावी सांगते की या आज्ञांपलीकडे कोणताही कायदा साइदला लागू नाही. पहिल्या नऊ आज्ञांचं सगळं बळ ही दहावी काढून घेते. साइद गोडार्ड आलिशान वाड्यांत राहतो आणि माणसं घाऊक मारतो. आज्ञांमधून पळवाटा काढत तो हे करतो, आणि त्याला थोपवायला बाहेरचं कुणी नाही.

मंडळात आम्ही मुलांना विचारलं होतं, निवड कोणत्या पद्धतीनं करावी? फॅराडे जुन्या मर्त्यकाळातल्या मृत्यूंच्या आकडेवारीला धरून निवडतो. साइद क्युरी जगण्याचा कंटाळा आलेली माणसं शोधते. गोडार्डला मारण्यात आनंद मिळतो. मुलं फॅराडे आणि क्युरी यांच्यात वाटली गेली. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "पद्धत कोणतीबी ठेवा सर, पण यादी बाहेरच्या कोणी तपासायची का नाही?" घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का, हे पाहायला ती आईसोबत कितीदा तरी ग्रामपंचायतीत गेली आहे. या पुस्तकाबद्दल मी ऐकलेली ही सर्वांत नेमकी गोष्ट.

६. माही पोरगी रात्रंदिवस हेच मरणाचं पुस्तक वाचून राहिली. तिच्या डोक्यावर काही परिणाम तं होणार नाही ना?

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. पण एक लक्षात घ्या, आपल्या गावातल्या मुलांपासून मरण लपलेलं नसतं. ती मातीला जातात, तेरवीला पंगतीत वाढतात, आजोबांना शेवटचं पाणी पाजतात. त्यांनी मरण पाहिलेलं असतं, पण त्याबद्दल बोलायला जागा नसते. मोठी माणसं "जा, खेळ" म्हणून उठवून देतात. पुस्तक ती जागा देतं.

तरी वयाचं भान ठेवा. 'साइद' मध्ये हिंसा आहे आणि ती झाकलेली नाही. आठवीच्या आधी देऊ नका असं माझं मत आहे. तिला रोज रात्री एकच विचारा, "आज काय झालं गोष्टीत?" ती सांगत असेल तर चिंता नको. सांगायचं टाळत असेल, झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोला.

७. ज्या घरात आत्महत्या झाली आहे, तिथल्या मुलाला हे पुस्तक द्यावं का?

विदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो दबक्या आवाजातच विचारला जातो.

आमची पद्धत अशी. घटना ताजी असेल तर 'साइद' आपणहून देत नाही. त्या जगात मुलं गंमत म्हणून जीव देतात आणि पुन्हा उठवली जातात. लेखकानं ते का दाखवलं आहे ते पुढे कळतं, पण ज्याचा बाप परत आलेला नाही त्या मुलाला ती पानं वाचायला लावणं क्रूर आहे. मूल स्वतः मागत असेल तर नाकारतही नाही. पुस्तकात काय आहे ते आधी स्पष्ट सांगतो, सोबत बसून वाचतो, नको वाटलं की तिथेच थांबतो. मंडळात त्याच्यासमोर "तुला काय वाटतं?" असं कुणी विचारायचं नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. एक गोष्ट आम्ही मुलांसमोर मोठ्यानं बोलतो: पुस्तकात मरण कुणीतरी दुसरा ठरवतो. कर्ज, नापिकी आणि एकटेपणा यांनी पिचलेल्या माणसाला दोष देण्यासाठी या गोष्टीचा उपयोग कुणी करू नये.

पुस्तक हा उपचार नाही. मूल गप्प झालं असेल किंवा जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर टेलि-मानसला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मुलाला एकटं सोडू नका.

८. अमेरिकेतल्या या गोष्टींशी आपल्या लेकरांचं काय घेणंदेणं?

'द हंगर गेम्स' मधला एक तपशील घ्या. तिथे दरवर्षी बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या नावांची चिठ्ठी निघते आणि निवडलेल्यांना एकमेकांना मारायला आखाड्यात उतरवतात. गरीब घरातली मुलं आपल्या नावाच्या जास्तीच्या चिठ्ठ्या टाकायला राजी होतात, कारण प्रत्येक जास्तीच्या चिठ्ठीमागे एका माणसाला वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल मिळतं. म्हणजे चिठ्ठी सगळ्यांसाठी सारखी आणि भूक मात्र गरिबांची, त्यामुळे मरणही त्यांच्याच वाट्याला जास्त. शहरातल्या वाचकाला इथे थांबून हिशेब करावा लागतो. रेशनकार्डावर किती नावं आहेत आणि माणशी किती किलो मिळतं हे पाठ असलेल्या मुलाला लागत नाही.

दुसरं उदाहरण एम. टी. अँडरसन यांच्या 'फीड' (२००२) या कादंबरीचं. तिथे लोकांच्या डोक्यातच यंत्र बसवलेलं आहे आणि ते सतत जाहिराती दाखवत असतं. व्हायोलेट नावाची मुलगी कंपनीला आपला अंदाज येऊ नये म्हणून मुद्दाम कशाचीही चौकशी करते आणि काहीच विकत घेत नाही. पुढे तिचं यंत्र बिघडतं, जीव धोक्यात येतो, आणि कंपनी दुरुस्तीला मदत करत नाही, कारण तिच्या खरेदीच्या नोंदींवरून ती भरवशाची गिऱ्हाईक ठरत नाही. यंत्रात साठवलेली नोंद, पैसा आणि जीव अशी सरळ साखळी लागते. पीकविम्यासाठी उत्पादनाचा अंदाज बांधायला आता उपग्रहाची चित्रंही वापरतात. आपल्या शेतातलं सोयाबीन पिवळं पडलेलं असताना नोंदीत ते हिरवं दिसलं तर दाद कुठे मागायची, हे व्हायोलेटची गोष्ट वाचलेलं मूल विचारेल. त्यानं विचारावं अशी माझी फार इच्छा आहे.

९. मोबाइलमधला एआय म्हणजे छोटा थंडरहेडच ना?

नाही. आज मोबाइलवर गप्पा मारणारी यंत्रं प्रचंड मजकुरावर शिकवलेली असतात आणि पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत उत्तर तयार करतात. उत्तर पुष्कळदा उपयोगी असतं, कधी कधी ठामपणे चुकीचं असतं. थंडरहेड कुणाच्याही मालकीचा नाही. खरी यंत्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि त्यांना नफा हवा असतो. म्हणून यंत्राच्या आधी मालकाबद्दल विचारा. यंत्राचा जाब कुणाला विचारायचा, ते प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

१०. एआयमुळे माणूस खरंच अमर होईल का?

असं काही दृष्टिपथात नाही. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि त्याचा औषधं शोधायला उपयोग होतो आहे. पण औषध सापडणं आणि मरण संपणं यांत फार मोठं अंतर आहे. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष वेळेवर मिळणं हे आपल्यासाठी आयुष्य वाढवणारं पहिलं काम आहे.

११. आपल्या परंपरेत असं काही नाही का? सगळं बाहेरूनच का आणायचं?

आहे, आणि भरपूर आहे. कठोपनिषदातला नचिकेत किशोरच होता. बाप म्हाताऱ्या, भाकड गायी दान करतो आहे हे पाहून तो विचारतो, मला कुणाला देणार? बाप संतापून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. पोरगा खरंच यमाच्या दारात जातो, तीन रात्री उपाशी थांबतो आणि तिसऱ्या वरात मरणानंतर काय ते विचारतो. यम त्याला धन, राज्य, दीर्घायुष्य देऊ करतो. तो मागे हटत नाही. सत्तेसमोर प्रश्न न सोडणारं मूल, हाच या सगळ्या कादंबऱ्यांचा नायक आहे.

ययातीची कथा तर सत्ता आणि वय यांचीच: राजा मुलाचं तारुण्य मागून घेतो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) दहावीनंतर जरूर द्या. अश्वत्थाम्याला मरण नाही आणि तोच त्याचा शाप, हे आजीकडून ऐकलेल्या मुलाला थंडरहेडच्या जगातला कंटाळा चटकन कळतो. यंत्रबुद्धीवर मराठीत वाचायचं तर जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्या. अती हुशार यंत्रमानव घडवणाऱ्या माणसांची ही गोष्ट, चार दशकं जुनी, आणि आज अधिक वाचावीशी वाटते.

१२. या पुस्तकांमध्ये जात कुठे आहे?

जात म्हणून नाही. 'साइद' मध्ये प्रत्येकाच्या वंशाचं प्रमाण नोंदलेलं असतं आणि कुणा एका वंशाची माणसं जास्त मारली तर साइदला साइदांच्याच सभेत जाब द्यावा लागतो. लेखकाच्या डोळ्यांसमोर त्याच्या देशातला वर्णभेद आहे. आपल्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा मी मुलांना मोठ्यांकडे पाठवतो. जन्मावरून कुणी कुठलं काम करायचं, कुठलं पाणी प्यायचं हे ठरवणारं जग काही जणांच्या पणजोबांनी प्रत्यक्ष भोगलं आहे. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७चा आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरची धम्मदीक्षा १९५६ची, म्हणजे हे फार जुनं नाही. आमच्या मंडळातल्या एका मुलानं 'द गिव्हर' वाचून झाल्यावर आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या विहिरीबद्दल विचारलं आणि ऐकलेलं वहीत लिहून आणलं. ते पुढच्या बैठकीत वाचलं. कादंबरीवर त्या दिवशी चर्चा झाली नाही, गरजही नव्हती.

१३. मुलांना एवढं इंग्रजी येत नाही. मग वाचणार कसं?

सांगून. एक जण प्रकरण आधी वाचून येतो आणि मराठीत, वऱ्हाडीत, जसं येईल तसं सांगतो. मग मूळातलं एखादं पान सगळे मिळून शब्द लावत वाचतात. साइदांची सभा आमच्या पोट्ट्यांनी दंडारीसारखी (दंडार म्हणजे आपल्याकडचं लोकनाट्य) उभी केली होती, झग्यांच्या जागी घरच्या चादरी. त्यानंतर दोन मुलींनी पुढचा भाग स्वतः वाचायला घेतला. प्रत एकच असली तरी भागतं.

१४. मुलांना स्वतः अशी गोष्ट लिहायची असेल तर? आणि ती एआयकडून लिहून घेतली तर?

गावातलं एकच यंत्र घ्या आणि त्याला एकच अधिकार द्या. आमच्या एका मुलाच्या गोष्टीत थ्री फेज लाइन कोणत्या शेताला कधी द्यायची ते यंत्र ठरवतं. रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाला साप चावण्याची शक्यता किती, हेही त्याला माहीत असतं. तो धोका कुणाच्या वाट्याला टाकायचा, हे यंत्र हिशेबानं ठरवतं. मरण, यंत्र आणि सत्ता तिन्ही आले, आणि एकही शब्द उसना नाही. एआयला विचारून माहिती तपासली तर हरकत नाही. गोष्ट त्याच्याकडून लिहून घेतली तर आम्ही मंडळात वाचत नाही, कारण आम्हाला ती त्या मुलाकडून ऐकायची असते.

१५. पालकांनी पुस्तक परत पाठवलं, म्हणाले "दहावीचं वर्ष आहे, हे फालतू वाचन नको." काय करावं?

पुस्तक परत घ्या, वाद घालू नका, आणि मुलाचं नाव मंडळातून काढू नका. त्या पालकांना एका रविवारी बोलवा आणि प्रश्न ३ मधलं जेवणाचं प्रकरण वाचून दाखवा. बहुतेकदा तेच पुढे काय झालं ते विचारतात. नाही विचारलं तर परीक्षा मार्चमध्ये संपते, एप्रिलमध्ये पुस्तक पुन्हा द्या. सुटीत वाचनालय सकाळी साडेसातला उघडतं, ऊन चढायच्या आत यायला सांगा.